पाहुण्यांसाठी वाय-फाय: गैरवापराला वाव न देता जोडणी कशी द्यावी

पाहुण्यांना वाय-फाय देताना बहुतेक जण सुरुवात नाव आणि पासवर्डापासून करतात, आणि चुकते ते तिथेच. नाव ठरले, पासवर्ड कागदावर छापला, चार फोन जोडले गेले, की काम झाले असे वाटते. त्या फोनवरून आपला प्रिंटर, कॅमेरे, फायली साठवण्याचे यंत्र किंवा राउटरचे सेटिंगचे पान उघडते का, हे मात्र कोणी पाहिलेले नसते. या लेखातील क्रम उलटा आहे: आधी वेगळेपणा, मग मर्यादा, मग चाचणी आणि सर्वांत शेवटी पासवर्डाचे वाटप. गेस्ट नेटवर्कचा, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायचा, पासवर्ड गुप्त राहणार नाही, हे गृहीत धरूनच पुढचे टप्पे लिहिले आहेत. आज ज्याला तो दिला त्याच्याकडून उद्या तो कोणाकडे जाईल, हे आपल्या हातात नसते. जोडला गेलेला माणूस काय करू शकेल, हे मात्र असते.

पूर्वतयारी: सेटिंगला हात लावण्यापूर्वी

एका कागदावर आपल्या जोडणीचा साधा नकाशा काढावा. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीची तार कोणत्या यंत्रात येते, उपकरणांना आयपी पत्ते (नेटवर्कवरील ओळखीचे आकडे) कोणते यंत्र वाटते, त्यापुढे किती ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारी यंत्रे) आणि स्विच (एका तारेला अनेक तारा जोडणारी यंत्रे) आहेत, आणि भिंतींवर नेटवर्कच्या तारेची मोकळी सॉकेटे कुठे आहेत, हे त्यात यायला हवे. पुष्कळ ठिकाणी कंपनीने दिलेले एक यंत्र आणि स्वतः विकत घेतलेला एक राउटर असे एकामागे एक लावलेले असतात, आणि पत्ते त्यांपैकी नेमके कोण वाटते हे मालकालाही ठाऊक नसते. जोडलेल्या संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘गेटवे’ म्हणून जो पत्ता दिसतो, तो ज्या यंत्राचा असेल तेच राउटरचे काम करत असते. गेस्ट नेटवर्कचे नियम त्याच यंत्रावर बसवावे लागतात. दुसऱ्यावर बसवले तर ते दिसतात, पण चालत नाहीत.

सेवा कंपनीशी झालेला करारही वाचावा. काही करारांत जोडणी बाहेरच्या लोकांना वापरायला देण्यास मनाई असते, काहींत त्यासाठी वेगळी योजना घ्यावी लागते. सार्वजनिक ठिकाणी वाय-फाय देणाऱ्याने वापरकर्त्यांची ओळख पटवावी का आणि नोंदी किती काळ ठेवाव्यात, याचे कायदे देशोदेशी निराळे आहेत. आपल्याला कोणते लागू होतात ते आत्ताच पाहून घ्यावे, कारण टप्पा ८ त्यावर अवलंबून आहे.

शेवटी राउटरच्या सध्याच्या सेटिंगची प्रत फाइलमध्ये उतरवून ठेवावी.

*सावधान:* पुढचे सर्व बदल तारेने जोडलेल्या संगणकावरून करावेत. वाय-फायवरून केल्यास ज्या नेटवर्कवर आपण आहोत तेच मध्ये बंद पडते आणि बदल अर्धवट राहतात.

टप्पा १: आधी राउटर स्वतःच नीट करा

फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत करावे. कंपनीने त्या मॉडेलसाठी अद्यतने देणे थांबवले असेल तर ते यंत्र परक्यांसाठी वापरू नये. व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड बदलावा, आणि तो वाय-फायच्या कोणत्याही पासवर्डासारखा नसावा. बाहेरच्या इंटरनेटवरून व्यवस्थापन करण्याची सोय बंद करावी. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिन वापरून पासवर्ड न टाकता जोडण्याची सोय) बंद करावे: त्यातील आठ आकडी पिन दोन भागांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा केवळ पडताळणीचा असतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ मध्येच उघड झाले आहे. यूपीएनपीही बंद करावे, निदान गेस्ट नेटवर्कसाठी तरी, कारण त्याच्या आधारे पाहुण्याच्या लॅपटॉपवरचा एखादा प्रोग्राम आपल्या राउटरमध्ये बाहेरून आत येणारा पोर्ट (क्रमांकाने ओळखले जाणारे दार) परस्पर उघडू शकतो.

राउटरचे घड्याळ आणि वेळेचा विभाग बरोबर आहेत का, हेही पाहावे. ही बाब क्षुल्लक वाटते, पण पुढे आपल्या जोडणीवरून गैरवापर झाल्याची तक्रार आली तर सगळी भिस्त तिच्यावर असते.

टप्पा २: वेगळे नेटवर्क उभे करा

सर्वांत जास्त चुका इथे होतात. दोन वेगळी नावे म्हणजे दोन वेगळी नेटवर्के नव्हेत. एकाच नेटवर्कला दोन नावे देता येतात, आणि तसे केल्यास दुसऱ्या नावाने जोडलेला पाहुणा पहिल्या नावाच्या सर्व उपकरणांपर्यंत पोहोचतो. गेस्ट नेटवर्कला स्वतःची पत्त्यांची मालिका हवी, आणि त्या मालिकेतून खासगी मालिकेकडे जाण्याची वाट बंद हवी.

एकच राउटर असेल आणि त्यात ‘गेस्ट नेटवर्क’ ही सोय असेल, तर ती सुरू करून ‘स्थानिक नेटवर्क वापरू द्या’ अशा अर्थाचा पर्याय बंद ठेवणे बहुधा पुरेसे असते. परंतु तोच राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे फक्त वाय-फाय पसरवण्याच्या कामावर, चालत असेल तर अनेक मॉडेलांत ही सोय एक तर दिसतच नाही किंवा दिसूनही निकामी असते, कारण पत्ते वाटणे आणि वाट ठरवणे हे काम आता पुढच्या यंत्राकडे गेलेले असते. ‘गेस्ट सुरू केले तरी प्रिंटर दिसतो’ या तक्रारीमागे वारंवार हेच कारण निघते.

एकाहून अधिक ॲक्सेस पॉइंट असतील तर व्हीएलएएन (त्याच तारांवर क्रमांकाने वेगळी ठेवलेली नेटवर्के) हा योग्य मार्ग आहे. राउटरवर गेस्टसाठी वेगळा क्रमांक द्यावा (१ ते ४०९४ मधला कोणताही चालतो, पण १ हा बहुतेक यंत्रांत मूळ नेटवर्कसाठी वापरलेला असतो म्हणून टाळावा). तोच क्रमांक मधल्या प्रत्येक स्विचवर आणि प्रत्येक ॲक्सेस पॉइंटच्या गेस्ट नावाला जोडावा. वाटेत एकही साधा, सेटिंग नसलेला स्विच ठेवू नये. त्यातून या क्रमांकाची खूण असलेली माहितीची पाकिटे कधी जातात, कधी जात नाहीत, आणि दोष शोधण्यात दिवस जातो.

तिसरा उपाय दुसरा राउटर लावण्याचा. इथे क्रम हमखास उलटा होतो. जुना राउटर मुख्य राउटरच्या मागे (इंटरनेटच्या तारेपासून एक पायरी आत) लावून तो पाहुण्यांना दिला जातो, आणि दोन्ही राउटर वेगळे असल्यामुळे आपण सुरक्षित आहोत असा समज होतो. प्रत्यक्षात मागच्या राउटरवरील उपकरणांना पुढच्या नेटवर्ककडे मोकळी वाट असते. राउटर अडवतो ते बाहेरून आत येणाऱ्याला, आतून बाहेर जाणाऱ्याला नाही. पाहुणे मागे आणि आपण पुढे अशी मांडणी असेल, तर आपली सर्व यंत्रे पाहुण्यांच्या दृष्टीने ‘बाहेर’ असतात, म्हणजेच उघडी असतात. मागच्या राउटरवर फायरवॉलचे (कोणती वाहतूक जाऊ द्यायची आणि कोणती अडवायची याचे) नियम लिहिता येत असतील तरच ही मांडणी ठेवावी. नसतील तर पुढच्या राउटरला दोन मागचे राउटर जोडावेत, एक आपल्यासाठी आणि एक पाहुण्यांसाठी, आणि पुढच्याला दुसरे काहीही जोडू नये.

*तपासणी:* एक फोन गेस्टवर आणि एक मुख्य नेटवर्कवर जोडून दोघांचे आयपी पत्ते पाहावेत. एक १९२.१६८.१.२३ आणि दुसरा १९२.१६८.५०.११ असा मालिकेतच फरक दिसायला हवा. मालिका एकच असेल तर पुढे जाऊ नये.

टप्पा ३: राउटरकडे आणि खासगी पत्त्यांकडे जाणाऱ्या वाटा बंद करा

मालिका वेगळी झाली म्हणजे वाट बंद झाली असे नाही. दोन मालिकांमधून वाहतूक नेणे हे तर राउटरचे मूळ कामच आहे, म्हणून नकार स्पष्ट शब्दांत लिहावा लागतो. गेस्टकडून १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ या तिन्ही खासगी पट्ट्यांकडे (आतल्या नेटवर्कांसाठी राखलेले पत्ते; तिरप्या रेघेनंतरचा आकडा पट्टा किती मोठा ते सांगतो) जाणारी वाहतूक अडवावी. आज आपण त्यांतली एकच मालिका वापरत असलो तरी तिन्ही लिहाव्यात, म्हणजे उद्या नवी मालिका जोडताना नियम विसरला जाणार नाही.

गेस्टकडून खुद्द राउटरकडे फक्त दोन गोष्टी जाऊ द्याव्यात: पत्ता मागण्याची विनंती (यूडीपी पोर्ट ६७) आणि डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधण्याची, विचारणा (पोर्ट ५३). बाकी सर्व नाकारावे. हा नियम नसेल तर पाहुणा स्वतःच्या गेटवेचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकतो आणि राउटरचे लॉगिन पान त्याच्यासमोर उघडते. नियमांचा क्रम महत्त्वाचा असतो. बहुतेक फायरवॉल वरून खाली वाचतात आणि जुळलेला पहिला नियम लागू करतात, त्यामुळे या दोन परवानग्या नकाराच्या वर आणि ‘इंटरनेटकडे जाऊ द्या’ ही परवानगी नकाराच्या खाली असली पाहिजे.

*सावधान:* हे सर्व पत्ते आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे आहेत. आयपीव्ही६ ही नवी पद्धत सुरू असेल तर प्रत्येक उपकरणाला दुसऱ्या पद्धतीचा पत्ताही मिळतो आणि वरचे नियम त्याला लागूच होत नाहीत. त्यासाठी वेगळे नियम लिहावेत; यंत्रात ती सोय नसेल तर गेस्ट नेटवर्कपुरते आयपीव्ही६ बंद ठेवावे.

टप्पा ४: पाहुण्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवा

गैरवापर म्हणजे केवळ आपल्यावरचा हल्ला नव्हे. एका पाहुण्याच्या लॅपटॉपमधील व्हायरस शेजारी बसलेल्याच्या लॅपटॉपवर गेला, तर तोही आपल्याच नेटवर्कवर घडलेला प्रकार असतो. म्हणून ‘क्लायंट आयसोलेशन’ किंवा ‘एपी आयसोलेशन’ नावाचा पर्याय सुरू करावा. अनेक यंत्रांत हा पर्याय एका ॲक्सेस पॉइंटपुरताच काम करतो, म्हणजे तळमजल्यावरचा पाहुणा वरच्या मजल्यावरच्या पाहुण्यापर्यंत तारेच्या वाटेने पोहोचतोच. एकाहून जास्त ॲक्सेस पॉइंट असतील तर स्विचवरही पोर्टांचे विलगीकरण करावे लागते.

हे केल्यावर पाहुण्यांना टीव्हीवर चित्र पाठवता येत नाही किंवा प्रिंटर सापडत नाही, आणि मग कोणीतरी वैतागून सगळेच विलगीकरण काढून टाकतो. तसे करू नये. तो एक प्रिंटर किंवा टीव्ही ठराविक पत्त्यावर ठेवून, गेस्टकडून फक्त त्या पत्त्याच्या आवश्यक पोर्टापुरता अपवाद लिहावा.

टप्पा ५: सुरक्षा-पद्धत, नाव आणि पासवर्ड

सर्व उपकरणे नवी असतील तर डब्ल्यूपीए३ (वाय-फाय कूटबद्ध करण्याची नवी पद्धत; डब्ल्यूपीए२ ही तिच्या आधीची) निवडावे. पाहुण्यांची उपकरणे मात्र आपल्या हातात नसतात, त्यामुळे डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ एकत्र चालवणारा मिश्र मोड बहुधा घ्यावा लागतो. डब्ल्यूपीए२ मध्ये ज्याला सामायिक पासवर्ड माहीत आहे आणि जो दुसऱ्याची जोडणी सुरू होतानाची देवाणघेवाण टिपून ठेवतो, त्याला त्या दुसऱ्याची वाय-फायवरची वाहतूक उलगडता येते. डब्ल्यूपीए३ मध्ये केवळ पासवर्ड माहीत असल्याने हे साधत नाही.

पासवर्डाशिवाय खुले नेटवर्क ठेवून वर फक्त लॉगिनचे पान बसवणे ही लोकप्रिय पद्धत मला पटत नाही. ते पान हवेतून जाणारी माहिती कूटबद्ध करत नाही. शिवाय एकदा परवानगी मिळालेले उपकरण ते मॅक पत्त्यावरून (उपकरणाच्या वाय-फाय भागाचा ओळखक्रमांक) ओळखते आणि तो पत्ता दुसऱ्याला नक्कल करता येतो. अटी मान्य करून घेण्यासाठी पान हवे असेल तर ते पासवर्डासोबत ठेवावे, पासवर्डाऐवजी नव्हे.

नाव लपवून काही साधत नाही. उलट लपवलेले नाव जतन केलेले फोन जिथे जातील तिथे त्या नावाला हाका मारत राहतात. मॅक पत्त्यांची यादी करून प्रवेश देणे किंवा नाकारणेही आता फोल ठरते: अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक नेटवर्कसाठी मूळ पत्त्याऐवजी यादृच्छिक पत्ता वापरतात, त्यामुळे काढून टाकलेला माणूस नवा पत्ता घेऊन सहज परत येतो.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो. चार-पाच असंबद्ध साधे शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड सांगायला सोपा आणि अंदाजाने सापडायला अवघड असतो. सध्या मात्र चाचणीपुरता तात्पुरताच पासवर्ड ठेवावा.

टप्पा ६: वेग, वेळ आणि पत्ते यांच्या मर्यादा

मर्यादा घालताना लोक डाउनलोडकडे पाहतात आणि अपलोड विसरतात. बऱ्याच जोडण्यांत अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा कमी असतो. एका फोनने फोटोंची प्रत ऑनलाइन चढवायला घेतली की अपलोडची वाट भरून जाते, आणि मग आपल्या कामाचे व्हिडिओ संभाषणही अडखळू लागते. संपूर्ण गेस्ट नेटवर्कसाठी एक कमाल आणि त्याखाली प्रत्येक उपकरणासाठी एक कमाल, अशा दोन पातळ्या ठेवाव्यात. सुरुवातीला गेस्टला एकूण अपलोडच्या पाचव्या भागाहून अधिक देऊ नये; तक्रारी आल्या तर वाढवता येते. टॉरेंटसारखा (अनेकांशी एकाच वेळी फायलींची देवाणघेवाण करणारा) वापर पोर्ट अडवून थांबत नाही, तो पोर्ट बदलत राहतो. प्रत्येक उपकरणाचा वेग आणि एकाच वेळच्या जोडण्यांची संख्या मर्यादित केली की त्याचा त्रास आपोआप कमी होतो.

जागा बंद असताना गेस्ट नेटवर्कही वेळापत्रकाने बंद ठेवावे. मध्यरात्री रस्त्यावरून होणारा वापर एवढ्यानेच संपतो. प्रक्षेपणाची शक्ती गरजेपुरती ठेवावी. २.४ गिगाहर्ट्झ पट्टा भिंतींपलीकडे अधिक जातो, म्हणून जुनी उपकरणे येत नसतील तर गेस्ट फक्त ५ गिगाहर्ट्झवर ठेवणे चांगले.

पत्त्यांची मुदत, म्हणजे उपकरणाला दिलेला आयपी पत्ता त्याच्या नावावर किती काळ राहतो ती, कमी करावी. नेहमीच्या मालिकेत जास्तीत जास्त २५४ पत्ते असतात, आणि मुदत २४ तासांची असेल तर दहा मिनिटे थांबून गेलेल्या माणसाचा पत्ताही दिवसभर अडकून राहतो. वर्दळीच्या जागी दुपारनंतर ‘वाय-फाय जोडले जाते पण इंटरनेट चालत नाही’ अशी तक्रार येते तिचे मूळ अनेकदा इथे असते. एक ते दोन तासांची मुदत पुरते.

टप्पा ७: मोजक्या गोष्टी अडवा

बाहेर जाणारा टीसीपी पोर्ट २५ अडवावा. व्हायरस लागलेले लॅपटॉप त्यावरून स्पॅम पाठवतात आणि आपला पत्ता काळ्या यादीत जातो. सामान्य माणसाचे ईमेल ५८७ किंवा ४६५ वरून जाते, त्यामुळे त्याचे काही अडत नाही. विंडोजच्या फाइल-वाटपाचे १३७ ते १३९ आणि ४४५ हे पोर्टही बाहेर जाऊ देऊ नयेत.

घातक संकेतस्थळे टाळण्यासाठी गेस्टला गाळणी असलेली डीएनएस सेवा द्यावी. क्वाड९ ची ९.९.९.९ ही सेवा घातक स्थळे अडवते, क्लाउडफ्लेअरची १.१.१.३ ही त्यासोबत प्रौढांसाठीचा मजकूरही अडवते. पाहुण्याने स्वतःचा डीएनएस लिहिला तरी गाळणी लागू राहावी म्हणून पोर्ट ५३ ची बाकी वाहतूक अडवावी किंवा आपल्या राउटरकडे वळवावी. तरीही ब्राउझरमधील कूटबद्ध डीएनएस आणि व्हीपीएन (सर्व वाहतूक कूटबद्ध करून दुसऱ्या ठिकाणाहून नेणारी सेवा) ही गाळणी ओलांडतातच. ती अनवधानाने जाणाऱ्याला थांबवते, ठरवून जाणाऱ्याला नाही. यापुढे जाऊन प्रत्येक ॲप अडवत बसणे मला तरी वेळेचा अपव्यय वाटतो.

टप्पा ८: अटी आणि नोंदी

अटी एका छोट्या परिच्छेदात मावतील इतक्याच असाव्यात: बेकायदेशीर वापर चालणार नाही, वेग मर्यादित आहे, कोणत्या नोंदी किती काळ ठेवल्या जातात, आणि जोडणी केव्हाही बंद होऊ शकते.

नोंदींमध्ये कोणत्या वेळी कोणत्या मॅक पत्त्याला कोणता आयपी पत्ता दिला, एवढे किमान हवे. तक्रार येते तेव्हा तिच्यात आपला सार्वजनिक (बाहेरच्या इंटरनेटला दिसणारा) आयपी पत्ता, वेळ आणि कधी कधी पोर्ट क्रमांक असतो. ती आतल्या उपकरणापर्यंत नेण्यासाठी बाहेर जाणाऱ्या जोडण्यांचीही नोंद लागते. बऱ्याच राउटरांतील नोंदी वीज गेली की पुसल्या जातात, म्हणून त्या दुसऱ्या यंत्रावर पाठवण्याची सोय करावी. लोक कोणती पाने पाहतात याची नोंद कायद्याने सक्ती नसेल तर ठेवू नये. जी माहिती जवळ असते ती सांभाळण्याची जबाबदारीही आपलीच असते.

टप्पा ९: पाहुणा होऊन चाचणी घ्या

चाचणीच्या फोनचा मोबाइल डेटा आधी बंद करावा. तो चालू असेल तर फोन गुपचूप त्यावर जातो आणि निकाल खोटे येतात. आणखी एक पथ्य: एखादी गोष्ट उघडली नाही म्हणून ती अडवली गेली असे समजू नये. तीच गोष्ट आधी मुख्य नेटवर्कवरून उघडते हे पाहावे, मगच गेस्टवरून न उघडण्याला अर्थ आहे. विंडोजचा संगणक मुळातच पिंगला (यंत्र पोहोचण्याजोगे आहे का हे पाहणाऱ्या हाकेला) उत्तर देत नसेल, तर गेस्टवरून उत्तर न आल्याने काहीच सिद्ध होत नाही.

गेस्टवर जोडून क्रमाने पुढील पत्ते उघडून पाहावेत: गेस्टच्या गेटवेचा, मुख्य नेटवर्कच्या गेटवेचा, आणि आपल्या सार्वजनिक आयपीचा, कारण काही राउटर आतून त्या पत्त्यावर विचारल्यास लॉगिन पान दाखवतात. कंपनीच्या यंत्राचा पत्ता वेगळा असेल तर तोही पाहावा. मग प्रिंटर, कॅमेरा आणि फायलींचे यंत्र. मग दोन फोन दोन वेगळ्या ॲक्सेस पॉइंटांवर ठेवून एकमेकांना शोधतात का ते पाहावे. शेवटी गेस्टवरून मोठी फाइल चढवत ठेवून मुख्य नेटवर्कवर व्हिडिओ संभाषण करावे. ते अडखळले तर टप्पा ६ मधील कमाल खाली आणावी.

भिंतीवरच्या मोकळ्या सॉकेटांत लॅपटॉपची तार लावूनही पाहावी. वाय-फाय कितीही नीट केले तरी प्रतीक्षेच्या जागेतले एक सॉकेट थेट मुख्य नेटवर्कवर असेल तर इतके सगळे करून काही उपयोग नाही. न लागणारी सॉकेटे स्विचवरूनच बंद करावीत.

*सावधान:* फर्मवेअर बदलल्यावर किंवा नवा ॲक्सेस पॉइंट जोडल्यावर ही चाचणी पुन्हा घ्यावी. अद्यतनानंतर काही सेटिंग मूळ स्थितीला गेलेली आढळतात.

टप्पा १०: पासवर्डाचे वाटप आणि तक्रार आल्यास

आता कायमचा पासवर्ड लावावा. तो क्यूआर कोडने दिल्यास लांबीची अडचण राहत नाही. कोड आतल्या बाजूला, बाहेरून खिडकीतून टिपता येणार नाही असा लावावा, आणि त्यावर कोणी दुसरा कोड चिकटवलेला नाही ना, हे अधूनमधून स्वतः स्कॅन करून पाहावे. नेहमी येणाऱ्यांना आणि एकदाच येणाऱ्यांना एकच पासवर्ड देण्यापेक्षा, यंत्रात सोय असल्यास ठराविक तासांची स्वतंत्र कूपने द्यावीत. ती सोय नसेल तर महिन्यातून एकदा पासवर्ड बदलावा आणि त्याच दिवशी छापील कोडही बदलावा.

तक्रार आली तर राउटर लगेच रिसेट करू नये, त्याने नोंदी जातात. आधी नोंदींची प्रत काढावी, राउटरचे घड्याळ त्या क्षणी किती पुढे-मागे आहे ते लिहून ठेवावे, तक्रारीतील वेळ कोणत्या विभागाची आहे ते पाहावे, आणि मग पासवर्ड बदलून गेस्टवरचे सर्व जण उतरवावेत. नोंदी मागणाऱ्याला फोनवरून काहीही सांगू नये; मागणी लेखी घ्यावी आणि ती करण्याचा अधिकार त्या व्यक्तीला आहे याची खात्री झाल्यावरच, मागितलेल्या वेळेपुरत्याच नोंदी द्याव्यात.